निवेदकाचे मानधन

आज आपण ज्याला ‘माहितीपट’ म्हणतो त्याला एके काळी मराठीत ‘अनुबोधपट’ असे भारदस्त नाव होते, आणि ते नाव व्यवहारातून उठून गेल्याची हळहळ मला वाटते ती जुन्या शब्दांच्या मोहापायी नव्हे. माहितीपट म्हटले की चित्रपट हे एक भांडे असून त्यात माहिती भरावयाची आहे, आणि भांडे जितके काठोकाठ भरेल तितका चित्रपट सकस, अशी समजूत काढणाऱ्याची आणि पाहणाऱ्याचीही नकळत होऊन बसते. अनुबोध हा मात्र पाहण्याच्या मागून येणारा बोध असल्याने, आधी पाहणे घडले पाहिजे ही अट त्या शब्दाच्या पोटातच घातलेली आहे.

आफ्रिकेतील समकालीन कलेवर अलीकडे जे लहान, अल्प खर्चाचे चित्रपट निघू लागले आहेत ते पाहताना हा भेद मला वारंवार आठवतो. एक माणूस, खिशात मावेल एवढा कॅमेरा, ध्वनिमुद्रणाचे एक छोटे यंत्र आणि आठ-दहा मिनिटांची मर्यादा, एवढ्या सरंजामावर डाकार, लागोस, किन्शासा वा जोहान्सबर्ग येथील एखाद्या चित्रकाराच्या दारी जावे, हाती पटकथा नसावी, जे सुचेल तसे टिपावे आणि घरी येऊन आपणच त्याची जुळणी करावी, या पद्धतीबद्दल मला मनापासून ममत्व आहे. कारण ज्या विषयाभोवती संग्रहालये, लिलावगृहे आणि विद्यापीठे यांनी शब्दांचे एवढे तट उभारले आहेत, त्या विषयापाशी रिकाम्या हातांनी जाणारा मनुष्य निदान दार तरी ठोठावतो. गाऱ्हाणे आहे ते असे की, सर्व बाबतींत काटकसर करणारे हे चित्रपट एका बाबतीत मात्र विलक्षण सढळ असतात, आणि ती बाब म्हणजे निवेदकाचा आवाज. आरंभी उंचावरून शहराचे दृश्य, त्यामागे ढोल, आणि मग तो धीरगंभीर स्वर चोपन्न देशांच्या खंडाविषयी एका श्वासात काहीतरी सांगून मोकळा होतो. चित्रकार बिचारा तोवर आपल्या कार्यशाळेत हात धुऊन उभा. माझे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर, ज्या चित्रपटाच्या अंदाजपत्रकात पैसा थोडा आहे त्याने निवेदकाच्या मानधनाची रक्कम सर्वांत आधी खोडावी आणि ती दुभाष्याच्या नावे लिहावी.

हा आवाज काही आजकालचा नव्हे. त्याला राजसत्तेची सनद होती. फ्रान्सच्या अमलाखालील आफ्रिकेत १९३४ साली एक हुकूम निघाला, जो पुढे तत्कालीन फ्रेंच मंत्री लावाल यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. वसाहतीत चित्रीकरण करू इच्छिणाऱ्याने आपल्या चित्रपटाचा मसुदा सरकारदरबारी दाखल करून परवाना घ्यावा असे त्यात फर्माविले होते, आणि परवाना देणारे कोण व मागणारे कोण हे ध्यानात घेता त्याचा परिणाम कोणाला भोवला हे निराळे सांगावयास नको. पॉलां सुमानू व्हिएरा हा पॅरिसच्या चित्रपट-विद्यालयात शिकलेला तरुण आणि त्याचे सहकारी यांना आपल्या भूमीवर कॅमेरा लावण्याची मुभा नव्हती, म्हणून १९५५ साली त्यांनी पॅरिसमध्येच राहणाऱ्या आफ्रिकी माणसांवर ‘आफ्रिक-सुर-सेन’, म्हणजे सेन नदीकाठची आफ्रिका, हा २१ मिनिटांचा चित्रपट काढला. त्याच्या दोनच वर्षे आधी, ‘प्रेझांस आफ्रिकेन’ या नियतकालिकाच्या सांगण्यावरून क्रिस मार्कर आणि आलँ रेने यांनी ‘पुतळेही मरतात’ अशा अर्थाच्या नावाचा अर्ध्या तासाचा अनुबोधपट सिद्ध केला होता. ग्रीक शिल्प लूव्र संग्रहालयात आणि आफ्रिकी शिल्प मात्र मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात, असे का, हा त्याचा मूळ प्रश्न; आणि त्या प्रश्नाचा माग काढीत तो उत्तरार्धात वसाहतवादाच्या इतका जवळ पोहोचला की, फ्रेंच सरकारने दशकभराहून अधिक काळ तो संपूर्ण स्वरूपात दाखवू दिला नाही. मी त्या चित्रपटाचा निस्सीम चाहता आहे. तरी हेही नमूद केले पाहिजे की, मुखवट्यांना मुके केल्याबद्दल युरोपला जाब विचारणाऱ्या त्या चित्रपटातले सगळे बोलणे एका फ्रेंच निवेदकाचेच आहे.

म्हणून २०२४ साली माती दियोप यांच्या ‘दाहोमे’ या चित्रपटाने जे केले ते मला त्या जुन्या चित्रपटाला दिलेले उशिराचे उत्तर वाटते. १८९२ साली फ्रेंच सैन्याने अबोमेच्या राजवाड्यातून लुटून नेलेल्या ऐवजापैकी २६ वस्तू २०२१ च्या नोव्हेंबरात बेनिनला परत मिळाल्या, त्या प्रवासाची ही कथा. आणि तीत पेटीत बंद होऊन निघालेला, २६ हा क्रमांक धारण करणारा राजा गेझोचा पुतळा स्वतः फोन भाषेत बोलतो. इथेही निवेदन आहेच, पण ते कोणाचे, कोठून आणि कोणत्या भाषेत, याचा हिशेब चोख आहे. सेनेगलच्या जिब्रिल दियोप माम्बेतीने तर १९६८ च्या सुमारास, आपल्या पहिल्याच चित्रपटात, डाकार शहरातून फिरताना निवेदकाची यथास्थित थट्टा केली होती: एक फ्रेंच स्त्री आणि स्वतः दिग्दर्शक यांची वीस-बावीस मिनिटे चाललेली खट्याळ बोलचाल, एवढेच त्याचे निवेदन. तेव्हा आवाजाशी माझे वैर नाही. वैर आहे ते ठावठिकाणा नसलेल्या, आपण कोण हे न सांगता सर्वांची ओळख करून देणाऱ्या आवाजाशी.

निवेदक गेला की उरते अंतःप्रेरणा, आणि या शब्दाचाही थोडा झाडा घेणे आवश्यक आहे. मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही एकत्र घेऊन त्यांचे मिळून एकच कारण मानले. आमचे तरुण छायालेखक त्यांतील पहिले तेवढे स्वतःकडे घेतात आणि उरलेल्या दोहोंपासून सूट मागतात. परक्या मुलखात उतरल्याच्या पहिल्या दिवशी ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती पुष्कळदा घरी पाहिलेल्या छायाचित्रांची स्मृती असते. बामाकोच्या गल्लीत कॅमेरा आपोआप तांबड्या मातीकडे, टायर हाकीत पळणाऱ्या पोरांकडे आणि डोईवर टोपली घेतलेल्या बाईकडे वळतो, आणि वळविणाऱ्याला वाटते की आपला हात प्रतिभेने वळला. फ्रेंच दिग्दर्शक झ्यां रूश हा हातातल्या कॅमेऱ्याने, ऐन वेळच्या स्फूर्तीने चित्रण करणाऱ्यांचा मूळपुरुष; आफ्रिकेवर त्याचे प्रेम होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण १९६५ साली सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेम्बेन याने त्याला समोरासमोर सुनावले की, तुम्ही आमच्याकडे कीटकांकडे पाहावे तसे पाहता. प्रेमाने रोखलेली नजरही भिंगाचीच असू शकते, हे त्या बोलण्याचे तात्पर्य रूशला पटले असो वा नसो, कॅमेरा खिशात घालून विमानात बसणाऱ्या प्रत्येकाने ते सोबत न्यावे.

अंतःप्रेरणेचा खरा धडा मला जोहान्सबर्गचा चित्रकार विल्यम केंट्रिज याच्या कामात मिळतो, आणि तो इतका अल्प खर्चाचा आहे की त्याचे अंदाजपत्रक एका चिठ्ठीवर मावावे. कागद, कोळसा, खोडरबर आणि १६ मिलिमीटरचा कॅमेरा. भिंतीवर कोळशाने एक मोठे चित्र काढायचे, चालत कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन चौकटी टिपायच्या, पुन्हा चित्रापाशी येऊन थोडे पुसायचे, थोडे नवे काढायचे, पुन्हा कॅमेऱ्याकडे. सर्वसाधारण चलच्चित्राला हजारो स्वतंत्र चित्रे लागतात. याचे काम काही डझनांत भागते, कारण एकच कागद शेकडो वेळा पुसला जातो आणि पुसल्याचा धूसर डाग, मागच्या क्षणाची सावली म्हणून, पडद्यावर राहतो. १९८९ साली, वर्णद्वेषी राजवट अद्याप उभी असताना, या रीतीने निघालेला त्याचा आठ मिनिटांचा ‘जोहान्सबर्ग, पॅरिसनंतरचे दुसरे महानगर’ हा चित्रपट मी पाहिला तेव्हा, पुसून टाकलेल्या गोष्टी कागदावरून जात नाहीत हे त्या देशाच्या इतिहासाविषयीचे विधान आहे की नुसता खोडरबराचा दोष, हे मला ठरविता आले नाही. आणि तसे ठरविता न येण्यातच त्या कलेचे मर्म असावे असे अजूनही वाटते.

या केंट्रिजच्या १९९१ सालच्या ‘माइन’ या चित्रपटात सोहो एकस्टाइन नावाचा खाणमालक पलंगावर न्याहारी करीत बसला आहे. तो कॉफीच्या काचपात्राचा दट्ट्या खाली दाबतो. दट्ट्या पात्राच्या तळाशी थांबत नाही, तबकातून, गादीतून, पलंगातून आरपार जातो, आणि खाली, आणखी खाली, दगडांच्या थरांतून खाणमजुरांच्या बराकीपर्यंत उतरत राहतो. शोषणावर लिहिलेल्या कित्येक प्रबंधांनी जे साधले नाही ते एका दट्ट्याने साधले. पण तो सुचला कसा, तर केंट्रिजने सांगितले आहे की तसले पात्र सकाळी त्याच्या कार्यशाळेत समोरच होते. तो दट्ट्या चित्रात खाली जाऊ लागला, आणि तो कोठे चालला आहे हे काढणाऱ्याला काढताकाढता उमगले. चित्रापासून कॅमेऱ्यापर्यंतच्या त्या चार पावलांत विचार करायला जी सवड मिळते तीच त्याची पटकथा.

आता अशा मनुष्याने एखाद्या संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला असता काय झाले असते, याची मी कधी कधी कल्पना करतो. लावाल यांचा हुकूम केव्हाच रद्दबातल झाला, पण अर्जातला तो रकाना कायम आहे, ज्यात चित्रपटातून काय निष्पन्न होणार हे चित्रीकरणापूर्वी तीनशे शब्दांत लिहून द्यावे लागते. ‘कॉफीचा दट्ट्या कोठेतरी जाईल’ असे कोण लिहील आणि त्यावर मंजुरीची सही कोण करील? पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनने छत्री, कंदील आणि जोडा घेऊन राजस्थानात फिरू दिले आणि आरंभीच्या छोट्याशा प्रास्ताविकाखेरीज निवेदन नसलेला चित्रपट काढू दिला, ही सरकारी खात्याच्या इतिहासातली एक गोड चूक म्हटली पाहिजे. बर्लिन महोत्सवाने त्या लघुपटाला सुवर्ण अस्वल देऊन त्या चुकीवर शिक्कामोर्तब केले.

दुसऱ्याच्या कलेवर चित्रपट काढणाऱ्यास मात्र ही सवड स्वतःच्या भिंतीसमोर मिळत नाही. ती कलावंताच्या अंगणात बसून मिळवावी लागते. एल अनात्सुईचे उदाहरण घेऊ. १९४४ साली घानातील अन्याको येथे जन्मलेला हा शिल्पकार १९७५ पासून नायजेरियातील न्सुक्का येथे विद्यापीठात शिकवीत होता, आणि १९९८ साली त्याला मद्याच्या बाटल्यांच्या टोपणांनी भरलेली एक पिशवी सापडली. पुढे जे घडले ते आज जगातील मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर झुलते आहे: ती टोपणे चपटी करून, दुमडून, पिळून, चुरगाळून, तांब्याच्या तारेने एकमेकांस जोडून केलेले धातूचे विशाल पट, जे दुरून राजवस्त्रासारखे आणि जवळून उकिरड्यासारखे दिसतात. ज्या मद्याचा युरोपीय व्यापाऱ्यांनी गुलामांच्या सौद्यात उपयोग केला त्याचीच ही टोपणे, हे वाक्य प्रत्येक निवेदकाला पाठ असते, आणि ते खोटेही नाही. पण ते वाक्य उच्चारून झाल्यावर पटाकडे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही, हीच तर अडचण. न्सुक्काच्या कार्यशाळेत तरुण सहायक रांगेने बसून टोपणे ठोकीत असतात, तो आवाज, तार ओवणाऱ्या बोटांचा वेग, जोडलेले तुकडे जमिनीवर पसरून अनात्सुई ते वरून न्याहाळतो, छायाचित्र घेतो, हलवितो, पुन्हा न्याहाळतो, ही त्याची धिमी रीत, यांतले काहीही एका दुपारीत हाती लागणारे नाही.

सुझन व्होगेल या विदुषीला ते लागले याचे कारण तिने वेळ खर्चिला. १९८४ साली न्यूयॉर्कात आफ्रिकी कलेचे केंद्र स्थापून, अनेक प्रदर्शने रचून, ग्रंथ लिहून झाल्यानंतर ही बाई चित्रपट काढावयास शिकली. मालिक सिदिबे या बामाकोच्या छायाचित्रकारावर तिने आठ मिनिटांचा लघुपट काढला, आणि अनात्सुईवरचा तिचा ५३ मिनिटांचा चित्रपट २०११ साली आला. ‘दुमडा, चुरगाळा, चिरडा’ अशा अर्थाचे त्याचे नावच क्रियापदांचे आहे. मला हे नाव फार आवडते. कलाकृतीविषयी विशेषणे सांगणारा चित्रपट आणि क्रियापदे दाखविणारा चित्रपट यांत जे अंतर आहे ते पैशाने पडत नाही.

दुभाष्यावर मी एवढा भर का देतो, हेही सांगतो. इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये प्रश्न विचारला की कलावंत तेच उत्तर देतो जे त्याने यापूर्वी दहा प्रदर्शनांच्या पुस्तिकांना दिलेले असते. त्यात त्याचा दोष नाही, ती भाषाच त्याच्या दृष्टीने पुस्तिकेची भाषा झालेली असते. पण तार चुकीची ओवणाऱ्या पोराला तो ज्या भाषेत फटकारतो, पोती विकणाऱ्या व्यापाऱ्याशी ज्या भाषेत घासाघीस करतो, तिथे त्याचे कलाविषयक मत न विचारता ऐकू येते. घानातील तमाले येथील इब्राहिम महामा हा कोकोची आणि मग कोळशाची वाहतूक करून जीर्ण झालेली तागाची पोती जमवितो, बदली नवी पोती देऊन जुनी घेतो, ती शिवून घेतो आणि त्यांनी नाट्यगृहांसारख्या इमारतीच्या इमारती पांघरतो. आशियात विणली गेलेली ही पोती. ताग म्हटला की आपल्याला बंगाल आठवणारच. त्या पोत्यांवर मालकांची नावे असतात, आणि शिवणाऱ्या हातांपाशीही सांगण्यासारखे पुष्कळ असते. परंतु ते हात दागबानीत वा आणखी कोणत्या भाषेत बोलत असतील, आणि चित्रपटवाल्याजवळ दुभाषा नसेल, तर ध्वनिपट्टीवर पुन्हा ढोल येतात. निवेदकाचे एका दिवसाचे पैसे दुभाष्याला चार दिवस पुरतात. शिवाय शिवणाऱ्यांची नावे अखेरच्या नामावलीत यावीत, त्यांना त्या दिवसांची मजुरी मिळावी, आणि तयार चित्रपट पहिल्यांदा त्याच गावात दाखवावा. या तीन गोष्टींची तरतूद ज्या जमाखर्चात नाही तो चित्रपट स्वस्त नसून दुसऱ्याच्या पैशाने काढलेला आहे, असे मी समजतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. ज्यांना मोठा निधी सहज मिळतो त्यांनी काटकसरीचे गोडवे गावेत आणि आफ्रिकेतील दिग्दर्शकांनी मात्र जन्मभर खिशातल्या कॅमेऱ्यावर समाधान मानावे, असा याचा अर्थ निघत असेल तर माझे सगळे लेखन मागे घ्यावे लागेल. दारिद्र्य ही शैली नव्हे. नायजेरियात १९९२ साली ‘लिव्हिंग इन बाँडेज’ हा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर निघाला आणि त्यापाठोपाठ एक अख्खा व्यवसाय उभा राहिला, तो काही कोणी मितव्ययाचे तत्त्वज्ञान सांगितले म्हणून नव्हे. दुसरे साधन परवडत नव्हते आणि प्रेक्षक वाट पाहत होता. मी बोलतो आहे ते पाहुण्याविषयी. पाहुण्याने कमी सामान घेऊन जावे आणि जास्त दिवस राहावे, आपल्याकडे याच्या उलट वागणाऱ्या पाहुण्यांबद्दल काय बोलतात ते सर्वांना ठाऊक आहे.

आणि पाहुणा नव्हे तर घरचाच माणूस लहानसा चित्रपट हाती घेतो तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण. रोमुआल्द हाझुमेची ‘ला बूश द्यु रुआ’, म्हणजे राजाचे तोंड, ही रचना ब्रिटिश म्युझियमने २००७ साली विकत घेतली. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटनमध्ये बंदी आली त्याला त्या वर्षी दोनशे वर्षे झाली होती. हाझुमे बेनिनमधील पोर्तो-नोव्होचा. त्याच्या देशात शेजारच्या नायजेरियातून चोरटे पेट्रोल प्लास्टिकच्या डब्यांतून मोटारसायकलींवर येते; अधिक मावावे म्हणून ते डबे आगीवर धरून फुगविलेले असतात, इतके की त्यांची कातडी पातळ होते. असे ३०४ डबे, तळ कापून मुखवट्यांसारखे केलेले, जमिनीवर गुलामांच्या जहाजाच्या आकारात मांडले आहेत, अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रूक्स’ जहाजाच्या त्या कुप्रसिद्ध नकाशाप्रमाणे. मूठ म्हणजे नाक आणि ओतण्याचे तोंड म्हणजे तोंड. भोवती नावे पुकारली जातात, तंबाखू आणि मसाल्यांचा वास येतो. आणि याच रचनेचा भाग म्हणून एक लहानसा चित्रपट चालू असतो, ज्यात पेट्रोल वाहणारे ते स्वार दिसतात. मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी, मागे, पुढे, जिथे दोरी पोहोचेल तिथे फुगलेले डबे बांधलेले, मध्ये माणूस जेमतेम ओळखू येतो, आणि तो निघून जातो. मग पाहणारा पडद्याकडून मान वळवितो, तो जमिनीवर तेच डबे त्याच्याकडे तोंड करून असतात.